भिंत पडणार, वाफा हलवायचाय. कोणती फुलझाडं उचलू आणि कोणती सोडून देऊ?

ओसरी

नमस्कार मंडळी. परसातली कुंपणाची भिंत एका अंगाला झुकली आहे, ती पाडून नवी बांधायची आहे. नेमका तिच्याच पायाशी माझा फुलांचा वाफा. गवंडी म्हणाले, पाया खणायला आणि माल टाकायला भिंतीपासून पाच-सहा फूट जागा रिकामी लागेल. थोडक्यात, अख्खा वाफा उठणार. कामाला हात लागायला अजून दीडेक महिना आहे, तेवढीच काय ती सवड.

वाफ्यात आहे ते असं. दोन कलमी गुलाब, बरेच जुने, बुंधा अंगठ्याहून जाड. एक मोगरा, कमरेपर्यंत आलेला, फुलं आता संपत आलीत. शेवंती, पण तिचं रोप असं काही राहिलेलं नाही, नुसतं रान झालंय. मधला भाग लाकडासारखा आणि कडेनं कोवळे फुटवे. निशिगंध दाटीवाटीने, पाती उदंड आणि दांडे मोजकेच. झिनिया दोन वीत उंच, कळ्या धरलेल्या. आणि भिंतीवर चढवलेला गोकर्ण, त्याचं काय करायचं ते मला खरंच सुचत नाही.

नवी जागा फाटकाजवळ आहे. सकाळपासून दुपारपर्यंत चांगलं ऊन येतं. तिथे पूर्वी एक गुलाब होता, खूप वर्षं जगला, मग खंगत गेला आणि गेल्या वर्षी काढून टाकला. म्हणजे ती माती गुलाबाला मानवते, म्हणून दोन्ही गुलाब तिथेच लावायचं मनात आहे. शेवंती फाटकाच्या दिव्याखाली लावीन म्हणते, रात्री येणाऱ्या-जाणाऱ्यालाही फुलं दिसतील.

जागा कशी आहे बघायला म्हणून आधी थोडी रोपं तिथे लावून पाहिली. घरी बियांपासून केलेला झेंडू छान उभा आहे. रोपवाटिकेतून पिशवीत आणलेल्या पिटुनियांनी मात्र चार दिवस बरे काढले आणि मग माना टाकल्या. पाणी रोज घालते, माती ओलीच असते, तरी रोपं मलूल. कुणी म्हणतं एप्सम सॉल्ट द्या, कुणी म्हणतं बी-१ व्हिटॅमिनची गोळी पाण्यात विरघळवून घाला. खऱ्या झाडांना हात लावण्याआधी हे कोडं सुटलं तर बरं.

मधमाशी

बी-१ ची गोळी घालाच. मी जास्वंद कुंडीतून जमिनीत लावली तेव्हा घातली होती, एकही पान गळलं नाही. सोबत थोडं द्रवरूप खतही दिलं तर झाडाला ताकद येते. आणि पाणी दिवसातून दोन वेळा करा.

जुनी खुरपी

ओसरीताई, औषधाचं मागाहून बोलू. आधी एक पिटुनिया उकरा.

मलूल झालेल्यातली सगळ्यात वाईट दिसणारी निवडा, म्हणजे जीव हळहळणार नाही. मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा आणि गोळा हातानं मधोमध फोडा. आत काय दिसतं ते इथे लिहा. ओलं आहे का कोरडं, मुळं पांढरी आहेत का तपकिरी, वास कसा येतो. झाड आजारी पडलं की सगळे पानांकडे बघत बसतात. पान नुसती तक्रार करतं, दुखणं खाली असतं. माझं आयुष्य रोपवाटिकेत रोपं करण्यात आणि लावण्यात गेलं, तेवढ्या काळात पानं पाहून केलेली निदानं फारशी बरोबर निघालेली पाहिली नाहीत.

एक सोपी खूण सांगून ठेवतो. लावलेलं रोप दुपारी मलूल आणि सकाळी ताठ, तर काळजी नको. उन्हात पानांतून पाणी उडतंय तेवढं मुळं ओढू शकत नाहीत, रात्रीत हिशोब भरून निघतो. पण सकाळी ऊन पडायच्या आधीच मान खाली असेल तर खाली काहीतरी बिनसलेलं आहे. मग दोनच शक्यता राहतात: मुळांपर्यंत पाणी पोचत नाही, किंवा पाणी इतकं साचलंय की मुळांना हवा नाही. वरून दोन्ही अगदी सारखी दिसतात, आणि दुसऱ्या प्रकारात माणसं आणखी पाणी ओततात. म्हणून मधमाशीताई, दोन वेळच्या पाण्याचा सल्ला गोळा फोडून बघेपर्यंत थांबवू या.

आता झाडं. ताई, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी अशा सहज येऊन गेल्या आहेत की त्या वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

पहिली: मेलेल्या गुलाबाच्या जागी गुलाब. तो गुलाब तिथे खूप वर्षं जगला म्हणूनच तिथे दुसरा लावू नका. जुन्या गुलाबाच्या मुळांवर पोसलेल्या बुरश्या आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) त्या मातीत मागे उरतात. आधीचं झाड मुरलेलं असतं, म्हणून ते तसंच रेटत राहतं. नव्यानं आलेल्या, मुळं तुटलेल्या झाडाला ते झेपत नाही. तो मरतही नाही, वाढतही नाही, नुसता बसून राहतो. तिथेच लावायचा हट्ट असेल तर प्रत्येक गुलाबासाठी ४५ सेंमी खोल आणि ६० सेंमी रुंद खड्डा घेऊन सगळी माती बदलावी लागेल. काढलेली माती फेकू नका, दुसऱ्या फुलझाडांना ती बिनधास्त चालते. त्यापेक्षा जागांचीच अदलाबदल करा: जुन्या गुलाबाच्या जागी निशिगंध आणि झेंडू, गुलाब तिथून दोन पावलं बाजूला.

दुसरी: दिव्याखाली शेवंती. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. फुलशेती करणारे फुलं लांबवायची असली की मुद्दाम मध्यरात्री शेवंतीवर दिवे लावतात, आणि लवकर हवी असली की संध्याकाळपासून काळं कापड टाकतात. तुमचा फाटकाचा दिवा रात्रभर जळत असेल तर खाली हिरवागार पाला मिळेल आणि फुलांची वाट बघत बसाल. उगाच खत बदलत राहाल. शेवंती दिव्यापासून लांब, घराच्या सावलीआड अंधार पडतो तिथे लावा. दिव्याखाली झेंडू ठेवा, तुमच्याकडे रोपं आहेतच.

गुलाब हलवायचे तर आजपासून तयारी. दीड महिना हाताशी आहे ही फार मोठी गोष्ट आहे, बहुतेकांना झाड हलवायचं सुचतं ते आदल्या रात्री. बुंध्यापासून दीड वीत अंतरावर गोल आखा. धारदार फावडं त्या रेघेवर सरळ खाली दाबत जा, पण अर्ध्याच गोलात. माती उचलायची नाही, फक्त मुळं कापायची. दोन-तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा गोल कापा. कापल्या जागी आतल्या बाजूला बारीक पांढरी मुळी फुटते. पाणी ओढायचं काम ती करते, जाड तपकिरी मुळं नुसती आधाराला आणि साठ्याला. एरवी आपण झाड उपटतो तेव्हा हीच पांढरी मुळी सगळी जमिनीत राहते आणि आपल्या हातात येतात ते दोरखंड. आधी गोल कापून ठेवला तर उचलायच्या दिवशी पांढरी मुळी गोळ्याच्या आत असते, ती झाडासोबत येते.

उचलायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, त्याच दिवशी नको. माती वाफशावर हवी: मूठ आवळली तर गोळा व्हावा, बोटानं टोचला तर फुटावा. चिखलात गोळा बसत नाही आणि कोरडीत ढासळतो. नवा खड्डा आधी खणून तयार ठेवा. झाड बाहेर आणि माणूस खड्डा खणतोय, हे दृश्य मला बघवत नाही. उघडी पडलेली बारीक मुळं उन्हावाऱ्यात बघता बघता सुकतात, आणि एकदा सुकली की पाण्यात घालून पुन्हा जिवंत होत नाहीत. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम, नाही तर ऊन उतरल्यावर लावा, म्हणजे झाडाला सगळी रात्र मिळते.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खाली भुसभुशीत माती भरली तर झाड काही दिवसांनी खचतं. कलमाचा जोड मातीच्या वर दोन बोटं राहू द्या. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात तो जमिनीखाली पुरतात, पण जमीन गोठत नसेल तर वरच बरा. माती पायानं तुडवू नका. हातानं दाबा, आळं करा आणि झारीनं सावकाश इतकं पाणी द्या की पोकळ्या आपोआप बसतील. फुलं आणि कळ्या सगळ्या खुडा, आणि साधारण तिसरा हिस्सा फांद्या कमी करा. आठवडाभर चार काठ्यांवर गोणपाटाची सावली. प्लास्टिक टाकू नका, उन्हात रोप आत उकडून निघतं.

खत? नवी पालवी दिसेपर्यंत काहीही नाही. खड्ड्यात कुजलेलं शेणखत मातीत मिसळलेलं असेल तेवढं पुरे. तुटलेल्या मुळांवर खताचं पाणी ओतलं तर ती उलट भाजतात.

मोगरा गुलाबासारखाच हलवा, तो गुलाबाइतका नखरेल नाही. फुलं संपत आलीत म्हणता, तर छाटणीची वेळ तशीही झाली आहे. छाटलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या सावलीत ओल्या वाळूत खोचून ठेवा. मोठं झाड दगावलं तर घरातच बदली तयार.

शेवंतीचा मधला लाकूड झालेला भाग फेकून द्या. त्याला वाचवायचा प्रयत्नच करू नका, तो आता फूल देणार नाही. कडेचे फुटवे खाली थोडी मुळी धरून वेगळे करा आणि वीत-सव्वा वीत अंतरानं लावा. लागले, की शेंडे खुडा. एका रानातून तुम्हाला वाटायला पुरतील एवढी रोपं निघतील.

निशिगंध फुलत नाही कारण एक कंद एकदाच फुलतो. त्याच्या पोटाला लागलेली पिल्लं पुढे फुलतात, पण दाटीत ती पोसतच नाहीत. सगळे गड्डे काढा, सुटे करा. सुपारीहून मोठे कंद दोन-तीन बोटं खोल, वेगवेगळे लावा. बारीक असतील ते एका कोपऱ्यात, त्यांच्याकडून यंदा काही मागू नका.

झिनिया सोडून द्या. दोन वीत उंच, कळ्या धरलेली झिनिया हलवली तर महिनाभर रुसते, आणि तेवढ्यात नवं बी टाकलेलं रोप तिच्या खांद्याला लागतं. आहेत ती फुलं भिंत पडेपर्यंत खुडून घरात आणा आणि नव्या जागी थेट बी पेरा. आठवड्याच्या आत उगवतं.

गोकर्णाला एकच लांब सोटमूळ असतं, ते तुटलं की वेल उभाच राहत नाही. हलवू नका.

गच्चीवरची

खुरपीकाकांशी बहुतेक सहमत, पण फांद्या कापायचं मला पटत नाही. मी कुंड्यांतच सगळं करते आणि रोप बदलताना पानं शक्यतो ठेवते. नवी मुळी फुटायला लागणारं अन्न पानंच बनवतात ना? पानं कापली तर मुळी कशाच्या जोरावर फुटेल? मी फक्त फुलं-कळ्या काढते आणि सावली नीट देते.

ओसरी, तुला भिंत झाल्यावर परत तिथेच वाफा करायचा असेल तर झाडं दोनदा जमिनीतून उपटू नकोस. मधल्या काळात कुंड्यांत ठेव. फक्त "मोठ्ठी कुंडी घ्या, पुढे त्रास नको" असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. छोटा गोळा मोठ्या कुंडीत ठेवला की भोवतालची माती ओली राहते, तिच्यातलं पाणी प्यायला तिथे मुळंच नसतात, आणि मग कुजतं. गोळ्याच्या भोवती दोन-तीन बोटं जागा सुटेल एवढीच कुंडी घे. तळाशी खडे, विटांचे तुकडे घालायची पद्धत मी कधीच सोडली. निचरा त्यानं वाढत नाही. बारीक माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी खालच्या खड्यांत उतरतच नाही. म्हणजे चिखलाचा थर आपण तळातून उचलून मुळांच्या जवळ आणतो. भोकावर जाळीचा तुकडा टाकला की झालं.

कुंडीतून काढताना मुळं गोळ्याभोवती गोल गोल फिरलेली दिसली तर मी बाजूनं तीन-चार उभ्या चिरा देते. नाही तर जमिनीत लावल्यावरही ती तशीच गोल फिरत राहतात. बोगनवेल मात्र अपवाद. तिची मुळं इतकी ठिसूळ की चिरा सोडाच, गोळाही हलू देत नाही, पिशवी खालून कापून अलगद सरकवते.

जुनी खुरपी

गच्चीवरची म्हणतेय ते कुंडीतल्या झाडाला शंभर टक्के लागू. अख्खा गोळा एका कुंडीतून दुसरीत जातो, मुळं तुटत नाहीत, मग पानं कशाला कापायची? जमिनीतल्या गुलाबाची निम्म्याहून जास्त मुळं फावड्याखाली जातात. तिथे वरचा बोजा थोडा कमी करावाच लागतो. पण तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि काही लोक झाडाचा नुसता ठोंब करून लावतात त्याला माझाही विरोधच आहे. खड्यांबद्दल बरोबर. हे मी लोकांना सांगून थकलो.

पानगळ

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून बी-१ बद्दल थोडं. ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स बॉनर यांच्या १९३०च्या दशकातल्या प्रयोगांपासून सुरू होते. वाटाण्याच्या मुळांची फक्त टोकं तोडून काचेच्या बशीत, पोषक द्रावणात वाढवली होती. त्यांना बी-१ म्हणजे थायमिन दिलं तर ती वाढत राहिली. त्यावरून बागेतल्या झाडांना थायमिन देण्याची टूम निघाली. पण बशीतल्या मुळाला वर पानं नसतात. अख्ख्या झाडाची पानं थायमिन स्वतः तयार करतात आणि खाली मुळांना पुरवतात. नंतर पूर्ण झाडांवर चाचण्या झाल्या तेव्हा गोळीनं रोप लवकर लागतं असं काही दिसलं नाही. मधमाशी, तुमची जास्वंद जगली ती तुम्ही नीट लावली म्हणून, गोळीला श्रेय देऊ नका.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मातीत मॅग्नेशियम कमी असेल तरच त्याचा उपयोग. लावणीच्या धक्क्यावर ते औषध नाही.

मधमाशी

बरं बाई, गोळ्या घरातल्या माणसांसाठी ठेवते. पण द्रवरूप खताचं काय? पाकिटावर "रोप लावताना वापरा" असंच छापलेलं आहे.

जुनी खुरपी

पाकीट छापणाऱ्याला तुमची माती दिसत नाही. नवी दोन पानं येऊ द्या, मग पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या मात्रेत द्या. ओल्या मातीवर द्या, कोरडीवर कधीच नाही.

ओसरी

सगळ्यांचे आभार. पिटुनिया उकरली. भोवतालची माती चांगली ओली, पण मधला गोळा फोडायला खुरपीचा दांडा मारावा लागला. चिकणमातीचा गोळा, आत ठणठणीत कोरडा, अगदी भाजक्या विटेसारखा. मुळं गोळ्याच्या आतच, तपकिरी-पांढरी, बाहेर एकही आलेलं नाही. वास काही नाही. इतके दिवस मी घातलेलं पाणी मग गेलं कुठे?

आणि एक: शेजारच्या घरी बियांची झिनिया ट्रेमध्ये तयार आहे, घरात खिडकीपाशी वाढलेली. बी पेरण्याऐवजी ती आणली तर? गोकर्णाच्या शेंगा वाळायला लागल्यात, त्या ठेवू का?

जुनी खुरपी

पाणी गोळ्याला वळसा घालून गेलं. चिकणमाती एकदा कडक वाळली की पाणी पटकन आत घेत नाही, आणि भोवती तुमची भुसभुशीत माती, तिथून ते सरळ खाली उतरतं. रोप ओल्या वाफ्यात तहानेनं व्याकूळ. तुमचा झेंडू जगला कारण तो घरच्या मोकळ्या मातीत वाढला होता, त्याची मुळं पहिल्या दिवसापासून नव्या मातीत शिरली. शिवाय झेंडूचं खोड जिथे मातीला लागतं तिथे मुळी फुटते, म्हणून तो खोल लावला तरी खुशाल असतो. गुलाबाला किंवा जर्बेराला हे करू नका. जर्बेराचा गड्डा मातीत गाडला तर कुजतोच.

वास नाही आणि मुळांत पांढरं शिल्लक आहे, म्हणजे उरलेल्या पिटुनिया वाचतील. आज संध्याकाळी सगळ्या उकरा. बादलीत पाणी घ्या आणि गोळे पूर्ण बुडतील असे ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की आत पाणी पोचलं. मग बाहेरची बोटभर चिकणमाती पाण्यातच हलक्या हातानं चोळून काढा, मुळांची टोकं मोकळी दिसू देत. तुमच्या मातीत लावा, फुलं सगळी खुडा, सावली करा. पुढे रोपवाटिकेतून आणलेल्या प्रत्येक पिशवीला लावण्याआधी हीच आंघोळ. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, गोळ्यालाही कोरडा पडला असेल तर घाला.

ट्रेमधली झिनिया दोन-चार खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची) आलेली असेल तरच आणा, त्याहून मोठी नको. रोप उचलताना पानाला धरा, खोडाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चेपलं तर संपलं. आणि खिडकीपाशी वाढलेलं रोप एकदम दिवसभराच्या उन्हात लावू नका. सावलीतल्या पानांना उन्हाची सवय नसते, ती पांढरी पडून जळतात. आधी तासभर सकाळचं ऊन, मग रोज थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण उन्हात.

गोकर्णाच्या शेंगा वेलीवरच तपकिरी होऊ द्या, पण तडकायच्या आत काढा, नाही तर बी उडून जातं. पेरताना बी खरवडून रात्रभर पाण्यात भिजवा, कवच कठीण असतं. जिथे कायमचा वेल हवा तिथेच पेरा.

गच्चीवरची

ओसरी, परत भिंतीपाशी वाफा करणार असशील तर एक राहिलं. गवंडी गेल्यावर भिंतीच्या पायाशी सिमेंटचा चुरा, सांडलेला माल, विटांचे तुकडे सगळं मातीत मिसळलेलं असतं. त्यानं माती अल्कधर्मी होते आणि झाडांना लोह मिळेनासं होतं. माझ्या मावशीच्या नव्या घरी मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दीर्घकाळ चाललं होतं. लोक नायट्रोजन देत बसले. काम सुरू व्हायच्या आधीच तिथली वरची वीतभर चांगली माती काढून एका बाजूला ढीग करून झाकून ठेव. गवंड्यांना माल कालवायला पत्रा दे, जमिनीवर कालवू देऊ नकोस. नंतर वरचा राडारोडा खरवडून फेक आणि तुझीच माती परत पसर.

ओसरी

हे कुणीच सांगितलं नसतं. पत्र्याचं आजच बोलते त्यांच्याशी.

गुलाबांचा पहिला अर्धा गोल कापून झाला. एका ठिकाणी अंगठ्याएवढं जाड मूळ फावड्याला दाद देत नाहीये. करवतीनं कापू का ठेवू?

जुनी खुरपी

कापा. बाजूची थोडी माती उकरून छाटणीच्या करवतीनं कापा, फावड्यानं ठेचू नका. ठेचलेलं मूळ कुजतं, स्वच्छ कापलेलं भरून येतं. मग ती माती परत लोटा, एकदा पाणी द्या आणि दुसरा अर्धा गोल कापायची वेळ येईपर्यंत त्याला विसरून जा. मधे दोन-चार पानं पिवळी पडून गळतील, त्यावरून इथे नवा धागा काढू नका.